ऊर्ध्व अन्नमार्गातील रक्तस्राव : भाकितांच्या गुणांकन-पद्धतींची एक चिकित्सा

रोग्याचे पुढे काय होणार हे सांगता येणे, ही वैद्याच्या अधिकाराची खूण आपल्याकडे प्राचीन काळापासून मानली गेली आहे. चरकसंहितेचे इंद्रियस्थान हे सबंध स्थान मरणसूचक लक्षणांच्या, म्हणजेच अरिष्टांच्या, विवेचनाला वाहिलेले आहे. आणि रोग साध्य की असाध्य याचा निर्णय आधी करावा, चिकित्सेस हात मागून घालावा, असा आयुर्वेदाचा दंडक आहे. आधुनिक वैद्यकाने लक्षणांच्या जोडीला मोजमापे आणली आणि अनुभवी वैद्याच्या अंदाजाच्या जोडीला संख्याशास्त्र आणले. परंतु मूळची जिज्ञासा तीच राहिली. गेल्या तीस वर्षांत या जिज्ञासेतून ज्या अनेक गुणांकन-पद्धती निघाल्या, त्यांत ऊर्ध्व अन्नमार्गातील रक्तस्रावाविषयीच्या पद्धती विशेष अभ्यासनीय आहेत. एकाच विकारासाठी अनेक पद्धती, त्यांच्या परस्परांशी वारंवार केलेल्या तुलना आणि त्या तुलनांतून निघालेले परस्परविरुद्ध भासणारे निष्कर्ष, असा समृद्ध ऐवज येथे समीक्षकाच्या हाती येतो.

प्रस्तुत निबंधाचा मुद्दा थोडक्यात असा आहे. या पद्धतींचा विचार करताना ‘अधिक अचूक कोणती?’ हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. ‘भाकीत कशाचे?’ आणि ‘त्या भाकिताने कोणती कृती बदलणार?’ हे दोन प्रश्न त्याच्या आधीचे होत. त्यांची उत्तरे न देता केलेली तुलना आकड्यांनी कितीही भारदस्त दिसली, तरी ती भिन्न वस्तू एकाच तराजूत घालण्यासारखी असते.

१

अन्ननलिका, जठर आणि ग्रहणी, म्हणजे लहान आतड्याचा आरंभीचा भाग, यांतून होणारा रक्तस्राव तो ऊर्ध्व अन्नमार्गातील रक्तस्राव. रोग्याला रक्ताची अथवा कॉफीच्या गाळासारखी उलटी होते, डांबरासारखा काळा मल पडतो, कित्येकदा भोवळ येते. जठरातील वा ग्रहणीतील व्रण हे याचे एक प्रमुख कारण. यकृताच्या जुनाट विकारात अन्ननलिकेतील नीला फुगून फुटणे हे दुसरे. बहुसंख्य रोग्यांचा रक्तस्राव आपोआप थांबतो. थोड्यांचा थांबत नाही; आणि या थोड्यांना बाकीच्यांतून पहिल्या तासा-दोन तासांत निवडून काढणे, हेच अपघात-विभागातील वैद्यापुढचे कोडे असते. त्याला लगेच ठरवावे लागते : या रोग्यास घरी पाठवावे, साध्या कक्षात ठेवावे, की रात्रीच एंडोस्कोपीची व्यवस्था करावी?

या कोड्याचे उत्तर देऊ पाहणाऱ्या तीन पद्धती आज सर्वाधिक प्रचारात आहेत. पहिली रॉकॉल यांची. ती १९९६ साली प्रसिद्ध झाली. इंग्लंडमधील चार आरोग्य-विभागांतल्या ७४ रुग्णालयांत १९९३ साली नोंदलेल्या ४१८५ रुग्णांच्या माहितीवर ती उभारलेली आहे. वय, रक्तदाब व नाडी यांवरून दिसणारा आघात आणि इतर गंभीर विकार हे तिचे तीन घटक एंडोस्कोपीच्या आधी कळतात. मूळ निदान आणि नुकत्याच झालेल्या रक्तस्रावाच्या खुणा हे दोन घटक एंडोस्कोपीनंतरच. एकूण गुणांक ० ते ११.

दुसरी पद्धत ब्लॅचफोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. ग्लासगो-ब्लॅचफोर्ड या नावाने ती ओळखली जाते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीचा पाया म्हणजे पश्चिम स्कॉटलंडमधील १९ रुग्णालयांतले १७४८ रुग्ण. हिला एंडोस्कोपीची गरजच नाही. रक्तातील यूरिया, हिमोग्लोबिन, रक्तदाब, नाडी, काळा मल, मूर्च्छा, यकृतविकार आणि हृदयाची अकार्यक्षमता या आठ गोष्टी पुरतात. गुणांक ० ते २३.

तिसरी एम्स-६५. २०११ साली अमेरिकेतील रुग्णालयांच्या फार मोठ्या नोंदसंग्रहावरून ती काढण्यात आली. अल्ब्युमिन ३ ग्रॅमहून कमी, रक्त गोठण्याच्या चाचणीचे गुणोत्तर १.५ हून अधिक, बुद्धिभ्रम, रक्तदाब ९० किंवा त्याखाली आणि वय ६५ किंवा त्यावर, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी एक अंक. हिशोब बोटांवर होतो, हा तिचा मोठा गुण.

या तिघींच्याही आधी, १९७४ साली, एडिंबरोच्या फॉरेस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एंडोस्कोपीतून दिसणाऱ्या व्रणाच्या स्वरूपावरून वर्गवारी केली होती : रक्त उसळत आहे, झिरपत आहे, उघडी रक्तवाहिनी दिसते, गुठळी चिकटलेली आहे, की व्रणाचा तळ स्वच्छ आहे. ही वर्गवारी अजून टिकून आहे, आणि ती का टिकली याचे कारण आपल्या विषयाला उपकारक आहे. उसळणारे रक्त दिसले की वैद्य काहीतरी करू शकतो. तळ स्वच्छ दिसला की काही न करण्याचा त्याला आधार मिळतो. येथे भाकीत आणि कृती यांच्यात अंतर उरलेले नाही.

२

आता पहिला प्रश्न : भाकीत कशाचे? रॉकॉल आणि एम्स-६५ या दोन्ही मुख्यतः मृत्यूचे भाकीत करतात. ब्लॅचफोर्ड-पद्धत मृत्यूपुरती मर्यादित नाही. रोग्याला उपचाराची गरज पडेल काय, हे ती सांगू पाहते. रक्त द्यावे लागणे, रक्तस्राव थांबवण्यासाठी एंडोस्कोपीतून वा शस्त्रक्रियेने काही करावे लागणे, पुन्हा रक्तस्राव होणे, हिमोग्लोबिन बरेच उतरणे आणि मृत्यू या साऱ्यांचा तिच्या साध्यात समावेश आहे.

हा भेद वरवर किरकोळ वाटतो. तो तसा नाही. हाँगकाँगमध्ये व्रणजन्य रक्तस्रावाच्या १०,४२८ प्रसंगांचा जो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ६ टक्के रुग्ण दगावले. आणि दगावलेल्यांपैकी जवळजवळ ८० टक्के रुग्णांच्या मृत्यूचे कारण रक्तस्राव हे नव्हते. हृदय, फुफ्फुसे, मूत्रपिंडे यांचे विकार, जंतुसंसर्ग, कर्करोग यांनी ते गेले. याचा अर्थ उघड आहे. व्रणाच्या रुग्णाचा मृत्यू अचूक वर्तवणारी पद्धत बव्हंशी त्याच्या रक्तस्रावाविषयी बोलत नसते. ती त्याच्या वार्धक्याविषयी आणि जुन्या दुखण्यांविषयी बोलत असते. एम्स-६५ मधील अल्ब्युमिन आणि वय हे घटक रक्तस्रावाचे मापक नव्हेत, देहाच्या एकंदर जीर्णतेचे मापक आहेत. या पद्धतीने मृत्यू ठीक ओळखावा यात आश्चर्य नाही. पण ज्या वैद्याला आज रात्री एंडोस्कोपी करावी की उद्या, हे ठरवायचे आहे, त्याला या ज्ञानाचा उपयोग किती?

२०१७ साली स्टॅन्ली आणि सहकाऱ्यांनी युरोप, उत्तर अमेरिका, आशिया आणि ओशियानिया येथील सहा रुग्णालयांतल्या ३०१२ रुग्णांवर पाच पद्धती पडताळून पाहिल्या. त्यांतील आकडे आपल्या मुद्द्याची साक्ष देतात. भाकितशास्त्रात विभेदनक्षमता मोजण्यासाठी वक्राखालील क्षेत्रफळ हे माप वापरतात, ०.५ म्हणजे नाणे उडवून सांगणे आणि १ म्हणजे कधीही न चुकणे. ‘उपचाराची गरज अथवा मृत्यू’ या साध्यासाठी ब्लॅचफोर्डचे क्षेत्रफळ ०.८६ आले, संपूर्ण रॉकॉलचे ०.७० आणि एम्स-६५ चे ०.६८. मात्र नुसत्या मृत्यूचे साध्य घेताच क्रम पालटला : एम्स-६५ आणि इटलीत निर्माण झालेली आणखी एक पद्धत, या दोन्ही ०.७७ वर पुढे राहिल्या. ‘सर्वोत्तम पद्धत कोणती?’ याचे उत्तर एकाच अभ्यासात, त्याच रुग्णांवर, प्रश्नासरशी बदलले. या दोन निष्कर्षांत विरोध नाही. विरोध भासतो तो वाचकाने प्रश्न गृहीत धरल्यामुळे.

३

दुसरा प्रश्न कृतीचा. या कसोटीवर ब्लॅचफोर्ड-पद्धतीचे यश निर्विवाद आहे. मात्र ते तिच्या गुणांकाच्या खालच्या टोकाला आहे. २००९ साली ब्रिटनमधील चार रुग्णालयांतल्या ६७६ रुग्णांत सुमारे १६ टक्के रुग्णांचा गुणांक ० आढळला, आणि त्यांपैकी कोणालाही उपचार लागला नाही, कोणीही दगावले नाही. पुढे दोन रुग्णालयांनी ० गुणांकाच्या रुग्णांना दाखल न करता घरी पाठवण्याचा क्रम प्रत्यक्ष आचरून पाहिला. असे ८४ रुग्ण बाहेरूनच सांभाळले गेले आणि एकावरही अनिष्ट प्रसंग ओढवला नाही. २०१७ च्या अभ्यासाने ही मर्यादा १ पर्यंत नेता येते असे दाखवले, आणि ‘० किंवा १ असल्यास घरी’ हा नियम आज युरोपीय व अमेरिकी मार्गदर्शनांत रूढ झाला आहे. एक खाट मोकळी राहते, एका कुटुंबाचा खर्च आणि धास्ती वाचते. भाकिताचे मोल असे दिसले पाहिजे.

वरच्या टोकाची गोष्ट निराळी आहे. गुणांक फार मोठा असेल तर रोगी धोक्यात आहे हे कळते. पण कळून करावयाचे काय? सहजबुद्धी सांगते की एंडोस्कोपी शक्य तितक्या लौकर करावी. हाँगकाँगमधील लाउ आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासले. ब्लॅचफोर्ड गुणांक १२ वा अधिक असलेल्या ५१६ रुग्णांपैकी निम्म्यांची एंडोस्कोपी तज्ज्ञाच्या सल्ल्यानंतर सहा तासांत झाली, निम्म्यांची सहा ते चोवीस तासांत. २०२० साली प्रसिद्ध झालेला निकाल असा : तीस दिवसांतील मृत्यू पहिल्या गटात ८.९ टक्के, दुसऱ्यात ६.६ टक्के. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नाही. परंतु घाईने हित साधते या समजुतीला त्यातून आधारही मिळत नाही. भाकीत खरे होते. त्यावर उभारलेली कृती निष्फळ ठरली. रोग्याची जोखीम मोठी असणे आणि ती जोखीम आपल्या हातातील उपायाने कमी होण्याजोगी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४

ब्लॅचफोर्ड-पद्धतीच्या यशातही एक दोष दडलेला आहे, आणि तो तर्कशास्त्राचा आहे. तिच्या साध्यात रक्त देणे हे एक मोठे अंग आहे. रक्त देणे ही निसर्गाने घडवलेली घटना नव्हे. तो वैद्याचा निर्णय आहे, आणि वैद्य तो निर्णय मुख्यतः हिमोग्लोबिन पाहून घेतो. उलटपक्षी, हिमोग्लोबिन हाच तिच्या गुणांकातील सर्वांत वजनदार घटकांपैकी एक आहे : १० ग्रॅमखाली गेल्यास एकदम ६ अंक. म्हणजे ज्या आकड्यावरून वैद्य रक्त देतो, त्याच आकड्यावरून ‘रक्त द्यावे लागेल’ असे भाकीत केले जाते आणि ते खरे ठरते. येथे काही अंशी रोगाचे भाकीत होत नसून वैद्यांच्या सवयीचे होत आहे.

सवयी तर बदलतात. २००० च्या आसपास १० ग्रॅमच्या खाली रक्त देण्याचा प्रघात व्यापक होता. २०१३ साली बार्सिलोनाच्या व्हियानुएव्हा आणि सहकाऱ्यांनी ९२१ रुग्णांच्या प्रयोगाने दाखवले की ७ ग्रॅमपर्यंत थांबणाऱ्या गटात सहा आठवड्यांनी ९५ टक्के रुग्ण जिवंत होते, तर ९ ग्रॅमलाच रक्त देणाऱ्या गटात ९१ टक्के. तेव्हापासून हात आखडता घेण्याचे धोरण मान्य झाले. मग ९.५ ग्रॅमच्या रुग्णाला २००० साली मिळणारे ६ अंक आज त्याच अर्थाचे कसे राहतील?

रॉकॉल-पद्धतीलाही काळाचा हा नियम लागू होतो. तिच्या मूळ पाहणीत मृत्यूचे प्रमाण १४ टक्के होते. २००७ च्या ब्रिटिश पाहणीत ते १० टक्क्यांवर आले. अम्लता दडपणारी प्रभावी औषधे आणि एंडोस्कोपीतून करावयाचे उपाय दरम्यान पुष्कळ सुधारले. अशा वेळी पद्धतीची विभेदनक्षमता, म्हणजे अधिक व कमी जोखमीचे रुग्ण वेगळे काढण्याची शक्ती, कायम राहू शकते. पण तिने वर्तवलेली टक्केवारी वास्तवाशी जुळेनाशी होते. या दुसऱ्या गुणाला आपण अनुरूपता म्हणू. प्रसिद्ध होणाऱ्या अभ्यासांत वक्राखालील क्षेत्रफळ ठळकपणे दिलेले असते आणि अनुरूपतेचा उल्लेख पुष्कळदा एखाद्या ओळीत उरकलेला असतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ही ओळ आवर्जून शोधावी. आणि ती सापडलीच नाही, तर तो त्या अभ्यासाचा दोष समजावा.

५

या पद्धती आपल्या रुग्णालयांत जशाच्या तशा आणताना आणखी तीन अडचणी उभ्या राहतात.

पहिली पंडुरोगाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. ब्लॅचफोर्ड-पद्धतीत स्त्रीचे हिमोग्लोबिन १० ते १२ च्या दरम्यान असल्यास १ अंक, १० च्या खाली असल्यास ६. आता अशी एक स्त्री कल्पावी, जिचे हिमोग्लोबिन वर्षानुवर्षे ९.५ आहे. तिला एकदाच कॉफीच्या गाळासारखी उलटी झाली; नाडी, रक्तदाब, यूरिया सारे ठीक. तिचा गुणांक ६. तो तिच्या आजच्या रक्तस्रावाने आणलेला नाही, आहाराने आणि बाळंतपणांनी आणलेला आहे. ग्लासगोत जो आकडा ताज्या रक्तस्रावाची खूण होता, तो येथे जुन्या दारिद्र्याची खूण ठरतो. याच्या उलट, ज्याचे हिमोग्लोबिन मुळात १४ आहे अशा धट्ट्याकट्ट्या पुरुषाला अर्ध्या तासापूर्वी मोठी रक्ताची उलटी झाली, तर त्याचे हिमोग्लोबिन आणि यूरिया अजून हललेले नसतात; आणि रक्ताची उलटी हा तर या पद्धतीत घटकच नाही. असे रुग्ण थोडे असणार, हे मोठ्या अभ्यासांवरून मानण्यास हरकत नाही. तथापि गुणांक कोणत्या घटकेला मोजला, हे विचारल्यावाचून तो वाचू नये.

दुसरी अडचण एककांची. मूळ पद्धतीत यूरिया मिलिमोलमध्ये आहे आणि अंकांची सुरुवात ६.५ मिलिमोलपासून होते. आपल्याकडील प्रयोगशाळा बहुधा रक्तातील यूरिया मिलिग्रॅममध्ये देतात. त्यात ही मर्यादा सुमारे ३९ मिलिग्रॅम होते. अमेरिकी कोष्टकांत मात्र यूरियाऐवजी त्यातील नायट्रोजन मोजलेला असतो, आणि तेथे तीच मर्यादा सुमारे १८ मिलिग्रॅम आहे. ज्याचा यूरिया ३० मिलिग्रॅम, म्हणजे अगदी प्राकृत, आहे त्याचा आकडा चुकून नायट्रोजनच्या रकान्यात बसवला, तर ० च्या जागी ४ अंक पडतात. एवढ्याशा लेखनिकी गफलतीने घरी जाऊ शकणारा रुग्ण दाखल होतो. आपल्याकडील नोंदींवरून केलेल्या कोणत्याही अभ्यासाने कोणते एकक वापरले, हे स्पष्ट लिहिलेच पाहिजे.

तिसरी अडचण कारणांची. १९९३ च्या इंग्लंडमधील रुग्णांत फुगलेल्या नीलांतून रक्तस्राव झालेले रुग्ण थोडे होते. यामुळे असेल, रॉकॉल-पद्धतीत व्रण आणि फुटलेली नीला ही दोन्ही ‘इतर सर्व निदाने’ या एकाच कप्प्यात पडतात आणि दोघांना सारखाच १ अंक मिळतो. यकृताच्या अकार्यक्षमतेला वेगळे अंक आहेत खरे, पण कारणाचे वेगळेपण त्यात हरवते. व्रणातील रक्तस्राव आणि यकृतविकारातील रक्तस्राव यांची गती, उपचार आणि मृत्यूचे कारण ही तिन्ही भिन्न आहेत. भारतातील अनेक रुग्णालयीन पाहण्यांत नीलांतील रक्तस्रावाचे प्रमाण ब्रिटिश आकड्यांहून पुष्कळ अधिक आढळते. ब्लॅचफोर्ड-पद्धतीत ज्ञात यकृतविकाराला २ अंक असल्याने असा रुग्ण घरी पाठवला जाण्याचा धोका टळतो. परंतु ज्याचा यकृतविकार पहिल्या रक्तस्रावानेच उघड होतो, त्याला हे संरक्षण आपोआप मिळत नाही. त्याचे पोट, डोळे आणि मद्यपानाचा इतिहास वैद्यानेच पाहावा लागतो.

६

अलीकडे यंत्र-शिक्षणाच्या साहाय्याने नव्या पद्धती निघत आहेत, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी पद्धत ब्लॅचफोर्डहून सरस ठरल्याचेही नमूद आहे. त्यांचे स्वागतच करावे. परंतु वर दाखवलेले दोष गणिताच्या दुबळेपणातून आलेले नाहीत, म्हणून गणिताच्या सामर्थ्याने ते जाणारही नाहीत. वैद्यांची सवय हेच साध्य म्हणून यंत्रापुढे ठेवले, तर यंत्र ती सवय अधिक निपुणतेने शिकेल, एवढेच.

यावरून गुणांकन-पद्धती निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष कोणी काढील तर तो अन्याय होईल. जेथे एंडोस्कोपीची सोय नाही अशा तालुक्याच्या ठिकाणी, रात्रीच्या वेळी, कोणाला जिल्ह्याच्या गावी हलवावे आणि कोणाला सकाळपर्यंत निर्धास्तपणे ठेवावे, हे ठरवताना चार साध्या चाचण्यांवर उभा असलेला गुणांक फार मोठा आधार ठरू शकेल. एकट्या तरुण वैद्याच्या भीतीला आणि फाजील आत्मविश्वासाला, दोहोंनाही तो आवर घालील. पण त्यासाठी आपल्याकडे जे काम व्हावयास हवे ते नवी पद्धत रचण्याचे नव्हे. असलेली ब्लॅचफोर्ड-पद्धत आपल्या रक्तक्षयी रुग्णांत कोठे उगाच घाबरवते आणि कोठे खोटा दिलासा देते, हे तपासणे. रक्त देण्याला साध्यातून वगळून, केवळ रक्तस्राव थांबवण्यासाठी करावे लागलेले उपाय आणि मृत्यू यांवर ती पुन्हा पारखणे. आणि नीलांतील व व्रणांतील रुग्णांचे आकडे वेगवेगळे मांडणे, ही तीन कामे आधीची आहेत. ती कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या नोंदवहीवरून करता येण्याजोगी आहेत, आणि एखाद्या पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यात बसणारी आहेत.